शारजाच्या पाटीवर ‘ज’ का नसतो

1998 मध्ये सचिनच्या शतकांमुळे आपल्याकडे घरोघरी पोहोचलेले ‘शारजा’ हे नाव इथे आल्यावर अरबी पाटीवर वाचू लागलात, तर त्यात ‘ज’ सापडणार नाही. पाटीवर लिहिलेले असते ‘अश्-शारिक़ा’. त्यातले डोक्यावर दोन टिंबे असलेले शेवटून दुसरे अक्षर म्हणजे ‘क़ाफ’, आणि त्याचा प्रमाण उच्चार ‘क’पेक्षा बराच मागून, पडजिभेपाशी होतो. आखाती बोलींत काही शब्दांतला क़ाफ ‘ज’ होतो. म्हणून स्थानिक लोक ‘शारजा’ म्हणतात, आणि पत्ता सांगताना ‘जिद्दाम’ (पुढे) किंवा ‘जिरीब’ (जवळ) असेही म्हणतात.

मात्र आखातात या अक्षराचा नेहमीचा उच्चार ‘ग’ आहे. कॉफी म्हणजे ‘गहवा’, मिनिट म्हणजे ‘दिगीगा’. आपला ‘हक्क’ इथे ‘हग्ग’ होतो आणि ‘हग्गी’ म्हणजे ‘माझे’. आपण ज्याला बुरखा म्हणतो, त्याच शब्दाचा इथला ‘बुर्गा’ मात्र जुन्या पिढीतल्या स्त्रियांचा चेहऱ्यावरचा चकचकीत मुखवटा असतो.

खरी अडचण कार्यालयात येते, कारण तिथे कैरो, बैरूत आणि दमास्कसची माणसे भेटतात, आणि त्यांच्या बोलीत क़ाफच्या जागी घशात क्षणभर श्वास अडतो, एवढेच. सुरुवातीच्या काळात एका इजिप्शियन सहकाऱ्याने फोनवर ‘दई’आ’ म्हटले, तेव्हा मी ते कोणाचे तरी नाव समजून टिपून घेतले होते. तो बिचारा फक्त ‘एक मिनिट’ थांबायला सांगत होता.

माझा सल्ला असा, की ऐकताना तिन्ही उच्चारांची तयारी ठेवावी, पण बोलताना ‘ग’ धरावा. आपल्या सवयीचा सरळ ‘क’ टाळावा, कारण ‘क़ल्ब’ म्हणजे हृदय आणि ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा. (पॅलेस्टाइनच्या काही खेड्यांत क़ाफचा ‘क’च होतो, पण ती सवलत आपल्याला मिळणार नाही.) घशातला झटका उसना घेण्याच्या फंदातही पडू नये, आपल्या तोंडी तो नाटकी वाटतो.

मस्कतला बदली झाली, तर शहरी ओमानी माणसाच्या रोजच्या बोलण्यातही मूळ क़ाफ ऐकू येईल. इतरत्र तो बातम्यांत, धार्मिक शब्दांत आणि काही नावांत टिकून आहे: कॉफीला ‘अहवा’ म्हणणारा कैरोकरसुद्धा शहराचे औपचारिक नाव घेताना ‘अल्-क़ाहिरा’ असे ठणठणीत क़ाफ लावून म्हणतो.