हिवाळ्यात बांधावरचे वाळलेले गवत पेटवू नये

रब्बीची पिके उभी राहिली की बांध साफ करण्याची घाई सुरू होते आणि वाळलेल्या गवताला सरळ काडी लावली जाते. शेतकऱ्यांनी यंदा ही घाई करू नये. त्या गवताच्या बुडाशी मावा खाणारे ढालकिडे आणि कोळी थंडी काढत असतात, लावे आणि ससे आडोशाला बसतात. शिवाय हिवाळ्यात दुरून येणारे भोवत्या हे शिकारी पक्षी दिवसभर शेतांवर घिरट्या घालून नाकतोडे टिपतात आणि रात्री झाडावर न बसता उंच गवतात, जमिनीवरच मुक्काम करतात. गाजरगवतासारखे तण फुलावर येण्याआधी उपटून टाकावे. बाकीचे गवत काढणीपर्यंत राहू द्यावे.

हरभऱ्यात हेक्टरी ५० पक्षीथांबे पिकापेक्षा हात-दीड हात उंच रोवावेत. त्यांवर बसून कोतवाल पक्षी सकाळ-संध्याकाळ हरभऱ्याचे घाटे पोखरणाऱ्या घाटेअळ्या वेचतो. सोबत घाटेअळीच्या नर पतंगांना मादीच्या गंधाने ओढणारे कामगंध सापळे हेक्टरी ५ लावावेत आणि एका सापळ्यात सलग तीन दिवस ८ ते १० पतंग आढळले, तरच फवारणीचा विचार करावा. शेजारी ज्वारी किंवा गहू असल्यास दाण्यात चीक भरू लागताच थांबे काढून घ्यावेत, नाहीतर पक्षी दाणेही खातात.

उंदरांचा प्रश्न मात्र अधिक सावधपणे हाताळावा लागतो. विहिरीच्या कपारीखाली किंवा जुन्या झाडाच्या ढोलीखाली करड्या केसांच्या, अंगठ्याएवढ्या गोळ्या पडलेल्या दिसल्या, तर त्यातील एखादी काडीने फोडून पाहावी. आत उंदरांच्या कवट्या आणि पिवळट दातांचे इवलेसे जबडे सापडतात. घुबडाने न पचलेला भाग तोंडावाटे टाकलेला असतो. ज्या शिवारात अशा गोळ्या सापडतात, तिथे रोज रात्री फुकट राखण होते आहे असे समजावे. अपशकुनी मानून घुबडाला हुसकावणे म्हणजे आपल्याच धान्याच्या राखणदाराला घालवणे होय.

विषारी आमिष वापरायचेच झाल्यास आदल्या संध्याकाळी सर्व बिळे चिखलाने लिंपावीत आणि सकाळी जी उकरलेली दिसतील, तेवढ्याच जिवंत बिळांत आमिष खोलवर ठेवून तोंड बंद करावे. आमिषातले ब्रोमॅडिओलोन हे उंदीरनाशक खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस तो मंदावून उघड्यावर फिरतो, पिंगळ्याच्या किंवा गव्हाणी घुबडाच्या हाती सहज लागतो आणि तेच विष पक्ष्याच्या पोटात जाते. म्हणून पुढचे आठ-दहा दिवस रोज पहाटे शेतातून फेरी मारून मेलेले उंदीर हातमोजे घालून गोळा करावेत व खोल पुरावेत. नुसते बांधाबाहेर भिरकावलेले उंदीर घार किंवा कुत्रे उचलते.

काढणी चारही कडांनी आत येत करू नये, कारण मधल्या शेवटच्या पट्ट्यात लावे आणि सशाची पिल्ले कोंडली जातात. मधून सुरुवात करून बाहेर यावे, म्हणजे त्यांना बांधाच्या गवताकडे पळायला वाट राहते.