शेतात छोटी केबिन बांधताना या चुका टाळा

ओळखीतल्या एका जोडप्याने मुळशीच्या पलीकडे 39 गुंठे जमीन घेतली. दोघंही शेतकरी घरातले, त्यामुळे खरेदीखत अडलं नाही. एजंट म्हणाला, "एकरच धरा की, एका गुंठ्याने काय होतंय?" शेतघराच्या परवानगीसाठी अर्ज केला तेव्हा काय होतं ते कळलं. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 41 प्रमाणे शेतघराला किमान 0.40 हेक्टर, म्हणजे 40 आर जमीन लागते. एक गुंठा म्हणजे 1.01 आर. 39 गुंठ्यांचे साडेएकोणचाळीस आरही भरत नाहीत. मग शेजाऱ्याकडून एक गुंठा विकत घ्यावा, तर 1947 चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो: जमिनीतून असा तुकडा पाडून विकता येत नाही. सध्या तिथे आंब्याची कलमं आहेत आणि पंपाची खोली.

ही चूक सगळ्यात जास्त दिसते म्हणून आधी सांगितली. माणसं केबिनचा आराखडा इन्स्टाग्रामवरून पक्का करतात आणि मग जमीन शोधतात. सरकारी कागदात मात्र केबिन सगळ्यात शेवटी येते. तुमची खोली दहा बाय बाराची आहे की बंगला, हा प्रश्न नंतरचा. जमीन कोणती, तिचा वापर काय, ती कोणत्या विभागात येते, हे आधी.

कलम 41 मध्ये जमिनीच्या मापावर जोत्याचं माप ठरतं. 0.40 ते 0.60 हेक्टर जमिनीवर 150 चौरस मीटरपर्यंत, त्याहून जास्त असेल तर जमिनीच्या चाळिसाव्या भागापर्यंत, पण 400 चौरस मीटरच्या वर नाही. केबिनला एवढं लागतच नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण हे घर शेती करणाऱ्याच्या राहण्यासाठी आणि शेतीच्या कामासाठी असतं. शनिवार-रविवारी पाहुण्यांना भाड्याने द्यायचं असेल तर तो वेगळा वापर झाला. त्याला अकृषिक परवानगीचा किंवा कृषी पर्यटन नोंदणीचा रस्ता धरावा लागतो. घर एका कारणासाठी मागायचं आणि दुसऱ्यासाठी चालवायचं, हे शेजाऱ्याशी बांधावरून भांडण झालं की तिसऱ्या दिवशी तहसीलदारांच्या टेबलावर असतं.

"कंटेनरला परवानगी लागत नाही"

हे वाक्य मी विक्रेत्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आता वाद घालत नाही. पाया नाही, चाकं लावू, उद्या उचलून नेऊ, वगैरे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 मध्ये 'विकास' या शब्दाच्या व्याख्येत बांधकामाबरोबर जमिनीच्या वापरातला बदलही येतो. शेतात पोर्टा केबिन ठेवून त्यात राहायला लागलात, सेप्टिक टँक खणला, मीटर घेतला, की वापर बदलला. विनापरवाना विकासाला याच कायद्याच्या कलम 52 मध्ये एक महिना ते तीन वर्षं कैद लिहिलेली आहे. अवजारं ठेवायची शेड आणि राहायची खोली यात जो फरक आहे, तो चाकांनी पुसला जात नाही.

याच जातीचा दुसरा समज व्हॉट्सअॅपवर फिरतो: गावात 1600 चौरस फुटांपर्यंत परवानगीच नको. ही सवलत नकाशा मंजुरीच्या फेऱ्यांपुरती आहे. मालकीचे कागद, नकाशा आणि नियमांप्रमाणे बांधकाम असल्याचा परवानाधारक अभियंत्याचा दाखला तरीही द्यावा लागतो, आणि शेतजमीन त्यामुळे बिनशेती होत नाही.

घरपट्टीची पावती दाखवून घर कायदेशीर आहे म्हणणारेही भेटतात. ग्रामपंचायतीचा नमुना 8 ही कर आकारणीची नोंद आहे; तलाठ्याकडचा आठ-अ हा वेगळा कागद, त्यात खातेदाराच्या जमिनी असतात. नावं सारखी असल्याने विकणारा एक दाखवून दुसरं पटवतो. वीजबिलाचंही तेच. कर भरल्याने बांधकाम मंजूर होत नाही.

सातबाऱ्यावर नाव आणि क्षेत्र बघून लोक थांबतात. खरा मजकूर 'इतर अधिकार' या रकान्यात असतो. तिथे कूळ, आदिवासी जमिनीवरचं बंधन, पुनर्वसनाचा शेरा किंवा 'खाजगी वन' असं काही, किंवा वर भूधारणेच्या जागी भोगवटादार वर्ग 2 (सरकारी अटींवर दिलेली जमीन) असं दिसलं तर व्यवहार तिथेच थांबवा आणि जुने फेरफार काढा. रायगड-ठाण्याकडे 1975 च्या खाजगी वने संपादन कायद्यामुळे झाडी असलेल्या डोंगराळ गटांवर हा शेरा येतो. आपल्याला नेमकी तीच झाडी हवी असते, ही गंमत. आणि सातबारा सामाईक असेल, पोटहिस्सा पडलेला नसेल, तर तुमचे 45 गुंठे त्या गटात कुठे आहेत हे कागदावर कुणालाच माहीत नसतं. मोजणी करून हद्दी कायम झाल्याशिवाय विसार देऊ नका. नोटरीवर एक-दोन गुंठे घेणाऱ्यांबद्दल काय बोलायचं? नोटरीच्या कागदाने जमिनीची मालकी येतच नाही.

नगररचना कार्यालयाचा झोन दाखला आधी मागा. डोंगरउताराचा विभाग निघाला, किंवा उतार 1:5 पेक्षा तीव्र असला, तर दृश्य कितीही सुंदर असो, बांधकाम होत नाही. नदीकाठी पूररेषा बघा, नदीजवळची निळी आणि तिच्या पलीकडची लाल: निळ्या रेषेच्या आत बांधकाम नाही, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये असाल तर जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा उंच घ्यावं लागतं. कोकणात समुद्राकाठी सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्र, येतं; 2019 च्या अधिसूचनेत विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटर विकासाला बंदी आहे.

उलट्या बाजूची भीतीही फिरते. गाव पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या यादीत आलं म्हणून लोक केबिनचा विचार सोडून देतात. 31 जुलै 2024 च्या मसुद्यात बंदी आहे ती मुख्यतः खाणी, दगडखाणी आणि 20,000 चौरस मीटर व त्यावरच्या बांधकाम प्रकल्पांवर. माथेरान आणि महाबळेश्वर-पाचगणी यांचं मात्र वेगळं आहे. तिथे 2000 च्या दशकाच्या सुरुवातीपासून स्वतंत्र अधिसूचना लागू आहेत, आणि त्या वाचल्याशिवाय कुदळ मारू नये.

बांधून झालंय आणि नोटीस आलीय? ती घेतलीच नाही असं दाखवू नका. नगररचना अधिनियमाच्या कलम 53 च्या नोटिशीत दिलेल्या मुदतीत त्याच कायद्याच्या कलम 44 खाली बांधकाम कायम ठेवण्याचा अर्ज करता येतो. तो टिकतो तो जमीन आणि विभाग मुळात बसत असेल तरच. अर्जासोबत मोजणी नकाशा, झोन दाखला आणि प्रत्यक्ष बांधकामाचा नकाशा जोडा, आणि तोवर बाथरूमच्या टाइल्सचं काम बंद ठेवा. नोटीस हातात असताना काम चालू असल्याचे फोटो फायलीत गेले, की पुढचं बोलणं अवघड होतं.