दहा सेंटिमीटर की एक?

अकरावीला सोलापुरात आलो तेव्हा दहावीपर्यंतचं शिक्षण मराठीत झालेलं. 'पोटेन्शियल एनर्जी' ऐकलं की आधी मनात 'स्थितिज ऊर्जा' म्हणायचं, मग पुढचं वाक्य पकडायचं. पण पहिल्या चाचणीत मी अडलो तो इंग्रजीमुळे नाही. गणित असं होतं: २ किलोचा ठोकळा उभ्या स्प्रिंगच्या ४० सेंटिमीटर वरून सोडला, स्प्रिंग स्थिरांक (स्प्रिंग एक मीटर दाबायला लागणारा जोर) २००० न्यूटन प्रति मीटर, तर स्प्रिंग जास्तीत जास्त किती दबेल? मी लिहिलं, ठोकळा थांबला म्हणजे दोन्ही बलं सारखी. वजन २० न्यूटन, भागिले २०००, उत्तर १ सेंटिमीटर. चूक.

ती चूक नीट उमगली लक्ष्मी मंडईत. भाजीवाल्या मावशींनी टांगत्या काट्याच्या पारड्यात अर्धा किलो वांगी टेकवून हात एकदम सोडला. काटा अर्ध्या किलोवर थांबलाच नाही. पार एक किलोच्या जवळ गेला, तिथे क्षणभर थबकला, मागे फिरला आणि डुलत डुलत अर्ध्यावर आला. थबकला तेव्हा स्प्रिंग वांग्यांच्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट जोरानं वर ओढत होती. वेग शून्य होता, पण बलं सारखी नव्हती. तसं असतं तर काटा मागे फिरलाच नसता.

म्हणून अशा गणितात आधी दोन चित्रं काढा: सोडतानाचं आणि सर्वात खालचं. दोन्हीकडे वेग शून्य, त्यामुळे गतिज ऊर्जा हिशेबातून जाते. उरते ती उंचीची आणि स्प्रिंगची. स्प्रिंग 'क्ष' मीटर दबली, तर ठोकळा ०.४ नव्हे, ०.४ + क्ष मीटर उतरला. हा क्ष हमखास विसरला जातो. विसरलात तर उत्तर ८.९ सेंटिमीटर येतं, आणि ते बरोबर वाटण्याइतकं जवळचं असतं.

उंचीची गेलेली ऊर्जा (वजन × उतरलेलं अंतर) स्प्रिंगमध्ये साठते (½ × स्थिरांक × क्ष²). गुरुत्वत्वरण १० धरून:

२० × (०.४ + क्ष) = ½ × २००० × क्ष²
१०००क्ष² − २०क्ष − ८ = ०

क्ष = ०.१ किंवा −०.०८. उत्तर १० सेंटिमीटर. त्या क्षणी स्प्रिंगचा जोर २०० न्यूटन, म्हणजे वजनाच्या दहापट. (स्प्रिंगला वस्तुमान नाही, घर्षण नाही, असं यात धरलंय. स्प्रिंगवर जड ताटली असेल आणि ठोकळा तिला चिकटत असेल, तर धडकेत ऊर्जा जाते. तिथे आधी संवेग (वस्तुमान × वेग) वापरावा लागतो.)

ते −०.०८ बहुतेक जण लगेच खोडतात. मी विद्यार्थ्यांना खोडू देत नाही. ठोकळा स्प्रिंगला चिकटला असता तर परतताना तिच्या मूळ टोकाच्या ८ सेंटिमीटर वर जाऊन थांबला असता. खाली १०, वर ८. या दोघांच्या बरोबर मध्ये, १ सेंटिमीटर दबलेल्या जागी, वजन आणि स्प्रिंगचा जोर सारखा होतो. चाचणीत मी लिहिलेला १ सेंटिमीटर तो हाच, आणि ठोकळ्याचा वेग तिथेच सर्वात जास्त असतो.