पाणथळीवर पक्षी ऐकायला जाताय? या चुका टाळा

आमच्या ग्रुपची पहाटफेरी बहुतेक वेळा पुण्याजवळच्या कवडीपाटला असते. हडपसर गाडीतळाला भेटायचं, सोलापूर रस्त्यानं निघायचं आणि उजाडायच्या आत मुळा-मुठेच्या बंधाऱ्याजवळ उभं राहायचं. घोडं इथेच अडतं. बरेच जण बाराही महिने 'सकाळी सात' धरून चालतात. जानेवारीत पुण्यात सूर्य सातनंतरच उगवतो, तेव्हा ते खपून जातं. मेअखेरीस तो सहाच्या आतबाहेर वर येतो. तेव्हा सातला पोचलात तर दयाळाची मैफल उरकलेली असते आणि तुमच्या वाट्याला ट्रकचे हॉर्न येतात. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी जागेवर हजर राहा. वारा पडलेला असतो, हवा गार असते, लांबचा आवाजही स्वच्छ येतो.

कपड्यांच्या रंगाचा विचार सगळे करतात, आवाजाचा कुणी करत नाही. मी एकदा मोबाइलवर सात मिनिटं रेकॉर्डिंग केलं आणि घरी येऊन ऐकलं, तर त्यात फक्त माझ्या विंडचीटरची बाही होती. सुती किंवा लोकरीचे कपडे घाला. रेकॉर्ड करताना मोबाइल हातात धरू नका, दगडावर टेकवून चार पावलं मागे या.

पण सगळ्यात जास्त नुकसान चालण्यानं होतं. फेरी म्हटलं की लोक चालतच सुटतात! पाणकणसाच्या, म्हणजे काठावरच्या उंच पाणगवताच्या, एखाद्या बेटासमोर दहा मिनिटं गप्प उभे राहा, कानांमागे तळव्यांचे द्रोण करा. पहिली दोन-तीन मिनिटं काहीच नाही, डास तेवढे. मग आतून पाणकोंबडी घशात काहीतरी अडकल्यासारखी क्वाक-क्वाक करत सुरू होते आणि थांबायचं नाव घेत नाही. राखी वटवट्या काडीवरून उडाला की चट-चट असा आवाज येतो, वायरीतून ठिणगी उडावी तसा. लांबून भारद्वाजाचा घुमारा येतो, दुसरा त्याला उत्तर देतो. चालणाऱ्याला यातलं काही मिळत नाही, त्याला मिळते ती टिटवी. तीही तुमच्याच नावानं ओरडत असते.

आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सुचवणाऱ्या मर्लिन अॅपवर नाव आलं की लगेच यादीत टाकायचं, ही नवी खोड. अॅप चांगलं आहे, मीही वापरतो, पण ते अंदाज सांगतं. त्यातून नकल्या खाटीक हा पक्षी दुसऱ्यांचे आवाज काढतो, कोतवाल तर शिक्रा या शिकारी पक्ष्याची हुबेहूब नक्कल करतो. आमच्यातल्या एकानं शिक्ऱ्याची नोंद केली होती. "अरे, बाभळीवर बघ ना," ग्रुपमधले एक काका म्हणाले. दुभंगलेली शेपटी हलवत कोतवाल बसला होता. पक्षी दिसेपर्यंत नावापुढे प्रश्नचिन्ह राहू द्या.

याच अॅपमधले आवाज मोठ्यानं वाजवून पक्ष्याला बाहेर बोलावणं मात्र मला अजिबात पटत नाही. नराला वाटतं, हद्दीत दुसरा घुसला. तो घरट्याचं काम सोडून भांडायला येतो. पावसाळ्याच्या तोंडावर पावशा 'पेरते व्हा' म्हणत आपणहून बोलतोच की, त्याला कशाला डिवचायचं?

बारीक, उंच पट्टीतली चिकचिक सगळ्यांना ऐकू येते असं धरू नका. साठीनंतर ती हळूहळू कमी ऐकू येते. ज्येष्ठ मंडळींना 'ऐका, ऐका' म्हणून कानकोंडं करण्यापेक्षा त्यांच्याबरोबर एखादा तरुण कान द्या.

उन्हाळ्यात काठाच्या खडीवर पाऊल बघून टाका. टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते, ठिपक्यांमुळे ती खड्यांत मिसळून जातात. टिटवी डोक्यावर घिरट्या घालू लागली, की आल्या वाटेनं मागे फिरा.

आणि चपला नकोत. बंधाऱ्याखालचा चिखल चप्पल ठेवून घेतो, पाय तेवढा परत देतो. नदीत शहराचं सांडपाणी आहे, म्हणून गमबूट घाला आणि चहाच्या टपरीवर हात टेकण्याआधी साबणानं धुवा.