घरातील स्पीकरचा क्रॉसओव्हर कसा समजून घ्यावा

काळी पाचमध्ये गाणाऱ्या गायिकेचा मध्य षड्ज सुमारे २३३ हर्ट्झचा असतो आणि तार षड्ज ४६६ हर्ट्झचा. साध्या टू-वे, म्हणजे वूफर आणि ट्विटर अशा दोन भागांच्या, स्पीकरमध्ये हे दोन्ही स्वर मोठ्या वूफरमधून येतात. पण तिने उच्चारलेल्या ‘स’ आणि ‘श’ची धार ४,००० हर्ट्झच्या वर असते व ती वरच्या छोट्या ट्विटरमधून येते. एकच गळा दोन ठिकाणांहून ऐकू येत असूनही ऐकणाऱ्याला तो एकाच मुखातून आल्यासारखा वाटला पाहिजे, आणि हे काम पेटीच्या आत दडलेला, स्वर वूफर आणि ट्विटरमध्ये वाटून देणारा क्रॉसओव्हर करतो. स्पीकर निवडताना लोक वॅट आणि वूफरचे इंच विचारतात. माझ्या मते आवाजाचा स्वभाव त्याहून अधिक या सांध्यावर, म्हणजे वूफर आणि ट्विटर ज्या वारंवारतेपाशी जुळतात तिथे, ठरतो, म्हणून तो समजून घेण्यासाठी एक दुपार खर्च करावी.

पहिली पायरी : विभागणी का लागते ते ध्यानात घ्यावे

हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, त्यामुळे २,००० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी साधारण १७ सेंटिमीटर भरते. साडेसहा इंची वूफरचा व्यासही जवळपास तेवढाच असतो. तरंगलांबी वूफरच्या शंकूच्या (हलणाऱ्या पडद्याच्या) व्यासाइतकी किंवा त्याहून लहान झाली की आवाज खोलीत न पसरता झोतासारखा समोरच जातो. समोर बसलेल्याला तो स्पष्ट ऐकू येतो आणि बाजूच्या खुर्चीवरच्याला बोथट. उलट ट्विटरचा २५ मिलिमीटरचा डोम (घुमटासारखा पडदा) फारच थोडा हलू शकतो, आणि त्याच्याकडे ३०० हर्ट्झचे स्वर जोरात पाठवले तर त्याची कॉइल जळू शकते. म्हणून बहुतेक टू-वे स्पीकरमध्ये सांधा २,००० ते ३,५०० हर्ट्झच्या दरम्यान ठेवतात. ट्विटरची स्वतःची अनुनाद वारंवारता, म्हणजे ज्या वारंवारतेला तो आपोआप सर्वांत जास्त थरथरतो ती, १,००० हर्ट्झ असेल, तर सांधा किमान तिच्या दुप्पट, म्हणजे २,००० हर्ट्झच्या वर असावा, असा रूढ ठोकताळा आहे.

दुसरी पायरी : उताराचा अर्थ लावावा

क्रॉसओव्हर ही भिंत नव्हे, उतार आहे. माहितीपत्रकात ‘२,५०० हर्ट्झ’ असे लिहिले असले, तरी त्या आकड्यापाशी एक भाग थांबून दुसरा सुरू होत नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना बऱ्याच अंतरापर्यंत दोघेही एकदमच बोलत असतात. उतार दर सप्तकाला किती डेसिबल (आवाजाच्या पातळीचे एकक), असा मोजतात. सप्तक म्हणजे वारंवारता दुप्पट किंवा निम्मी होणे, हे संगीत ऐकणाऱ्याला वेगळे सांगायला नको. ६ डेसिबलचा उतार म्हणजे ढोबळमानाने दर सप्तकाला व्होल्टेज निम्मे, १२ चा उतार म्हणजे पाव आणि २४ चा म्हणजे सोळावा हिस्सा. मंद उताराला सुटे भाग कमी लागतात, पण ट्विटरवर खालच्या स्वरांचा भार जास्त येतो. तीव्र उतार ट्विटरला सांभाळतो, पण भाग वाढतात आणि जुळणी अवघड होते. ह्यूलेट-पॅकार्डमध्ये काम करणारे सीगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली यांच्या नावाने ओळखली जाणारी रचना लिंकविट्झ यांच्या १९७६ च्या लेखामुळे प्रसिद्ध झाली. तिच्यात सांध्यापाशी दोन्ही भाग प्रत्येकी ६ डेसिबल खाली असतात व एकत्र आले की पातळी बरोबर सपाट होते.

तिसरी पायरी : पेटी उघडून क्रॉसओव्हर वाचावा

अ‍ॅम्प्लिफायर बंद करून तारा काढाव्यात. ज्या स्पीकरच्या आतच अ‍ॅम्प्लिफायर आहे, तो मात्र उघडू नये. त्यात विजेचा जोड असतो. वूफरचे स्क्रू सैल करताना दुसऱ्या हाताचा तळवा शंकूवर आडवा धरावा, कारण चुंबक स्क्रू-ड्रायव्हर खेचून घेते आणि एका क्षणात कागदी शंकूला भोक पडते. वूफर बाहेर आल्यावर तारा काढण्याआधी फोटो घ्यावा. आत कापूस किंवा फोम दिसेल. तो बाजूला केला की मागच्या भिंतीवर किंवा टर्मिनलच्या पट्टीवर एक छोटा बोर्ड सापडतो. त्यावरची तांब्याच्या तारेची वेटोळी म्हणजे कॉइल, गोल किंवा चपटे डबे म्हणजे कपॅसिटर आणि विटेसारखे पांढरे तुकडे म्हणजे रेझिस्टर.

कपॅसिटर उंच स्वर जाऊ देतो आणि खालचे अडवतो, कॉइल नेमके उलट करते. ट्विटरच्या वाटेत एकच कपॅसिटर असेल, तर उतार ६ डेसिबलचा. त्या कपॅसिटरनंतर एखादी कॉइल ट्विटरच्या दोन टोकांना समांतर जोडलेली असेल, तर १२ चा. तीन भाग असतील तर १८, चार असतील तर २४. रेझिस्टर या मोजणीत धरू नयेत. ते बहुधा ट्विटरची पातळी वूफरशी जुळवण्यासाठी असतात. वूफरला समांतर जोडलेली रेझिस्टर आणि कपॅसिटरची जोडीही धरू नये, तिचे काम पुढच्या पायरीत येते. बोर्डवर दोन कॉइल असतील, तर त्या एकमेकींशी काटकोनात बसवल्या आहेत का, तेही पाहावे. शेजारी-शेजारी आणि एकाच दिशेने बसवलेल्या कॉइलची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांत मिसळतात. खर्च वाचवण्यासाठी कुठे कात्री लावली आहे, ते मला इथेच सर्वांत लवकर कळते.

चौथी पायरी : आकडेमोड करावी, पण तिच्यावर विसंबू नये

६ डेसिबलच्या रचनेसाठी कपॅसिटर मायक्रोफॅरॅडमध्ये काढायचा, तर १,५९,१५५ या संख्येला वारंवारता आणि वूफर किंवा ट्विटरचा विद्युत अडथळा (ओहममध्ये) यांच्या गुणाकाराने भागावे. ३,००० हर्ट्झ आणि ८ ओहमसाठी उत्तर सुमारे ६.६ येते, त्याच सांध्यासाठी वूफरची कॉइल सुमारे ०.४२ मिलिहेन्री लागते. १२ डेसिबलची लिंकविट्झ-रायली रचना २,५०० हर्ट्झला करायची असेल, तर ८ ओहमवर जवळपास ४ मायक्रोफॅरॅडचे कपॅसिटर आणि १ मिलिहेन्रीच्या कॉइल लागतात, आणि ट्विटरच्या अधिक-उणे तारा उलट जोडाव्या लागतात. पेटीत ट्विटर उलटा जोडलेला दिसला म्हणून तो चूक समजून ‘सुधारू’ नये, असे मी आग्रहाने सांगतो.

अडचण अशी, की ‘८ ओहम’ हा स्थिर आकडा नसतो. मल्टिमीटरने वूफर मोजला, तर ६ ओहमच्या आसपास दिसतो आणि वारंवारता वाढते तसा त्याच्या स्वतःच्या कॉइलमुळे अडथळा चढत जातो. मग गणितातला सांधा प्रत्यक्षात सरकतो. वूफरला समांतर जोडलेली ती रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी हा चढ आटोक्यात ठेवते. ६ ओहम आणि ०.५ मिलिहेन्रीच्या वूफरसाठी ७.५ ओहम व सुमारे १४ मायक्रोफॅरॅड, हा सुरुवातीचा हिशेब ठीक आहे. तयार विकत मिळणारा ‘कोणत्याही स्पीकरला चालणारा’ क्रॉसओव्हर सहसा निराशा करतो तो याचमुळे.

पाचवी पायरी : जुने भाग तपासावेत

द्विध्रुवी इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वर्षानुवर्षांत सुकत जातात आणि त्यांचा अंतर्गत रोध वाढतो. दोन स्पीकरपैकी एकच मंद वाटू लागला, तर ट्विटरला दोष देण्याआधी कपॅसिटरचे एक टोक सोडवून तो मोजावा. बदलताना मूल्य तेच ठेवावे आणि शक्य तर पॉलिप्रॉपिलीनचा फिल्म कपॅसिटर घ्यावा. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत अशा सुट्या भागांची चौकशी करावी. दोन्ही स्पीकरमध्ये एकाच वेळी बदल करावा, नाहीतर डावी-उजवी बाजू जुळत नाही.

सहावी पायरी : सांधा कानांनी पारखावा

एकच स्पीकर लावून, कान ट्विटरच्या उंचीवर ठेवून दोन मीटरवर बसावे आणि ओळखीच्या माणसाच्या बोलण्याचे ध्वनिमुद्रण ऐकावे. नंतर ऐकत-ऐकत हळूहळू उभे राहावे. उंची बदलली की वूफर आणि ट्विटर यांच्यापासूनचे अंतर वेगवेगळे होते. २,५०० हर्ट्झची तरंगलांबी जेमतेम १४ सेंटिमीटर असल्याने काही सेंटिमीटरचा फरकही सांध्यापाशी आवाज पोकळ करू शकतो. म्हणून शेल्फवर खूप उंच किंवा जमिनीजवळ ठेवलेला स्पीकर किंचित तिरपा करून त्याचा ट्विटर कानाकडे वळवावा. या उपायाला काही खर्च नाही.

सबवूफर असेल तर

हाच विचार तळाकडे, म्हणजे सबवूफर सांभाळतो त्या सर्वांत खालच्या स्वरांकडे, लागू होतो. रिसीव्हरमध्ये (सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये) मुख्य स्पीकर ‘स्मॉल’ ठेवून, म्हणजे खालचे स्वर सबवूफरकडे वळवून, सांधा ८० हर्ट्झला लावावा. चित्रपटगृहे व घरगुती ध्वनियंत्रणांचे मानक ठरवणाऱ्या टीएचएक्सनेही हाच आकडा धरला आहे. सबवूफरच्या मागची वारंवारतेची कळ पूर्ण वर न्यावी, नाहीतर दोन गाळण्या एकामागोमाग लागून सांध्यापाशी खड्डा पडतो. मग बसण्याच्या जागी थांबून ८० हर्ट्झचा स्वर वाजवावा, दुसऱ्या कोणाला फेजचा (ध्वनिलहर उलटवणारा) खटका ० आणि १८० मध्ये फिरवायला सांगावे, आणि ज्या स्थितीत तो स्वर अधिक भरदार लागेल तीच कायम ठेवावी.