अपुऱ्या गोदामात माल कधी, किती आणि कोणत्या वाटेने आणावा

म्हापसा, फोंडा किंवा मडगावच्या बाजारपेठेत दुकानामागची एक खोली हेच ज्यांचे गोदाम आहे, त्यांना मागणी नोंदवताना आठवड्याला किती माल खपतो एवढेच पाहून चालत नाही. गाडी दारात येईल त्या दिवशी किती जागा रिकामी असेल, हे आधी ठरवावे लागते. कारण गोदाम सर्वाधिक भरते ते त्याच दिवशी.

प्रथम जागा मोजावी, परंतु चौरस फुटांत नव्हे, तर पोत्यांत आणि खोक्यांत. ये-जा करण्याची वाट सोडून, भिंतीपासून वीतभर अंतर राखून आणि माल जमिनीला न टेकवता फळ्यांवर रचून जेवढी पोती बसतात, तीच खरी क्षमता. गोव्याच्या दमट हवेत भिंतीला टेकलेली तांदळाची आणि पिठाची पोती ओल धरतात, त्यामुळे ही सोडलेली जागा वाया गेली असे समजू नये.

त्यानंतर प्रत्येक मुख्य वस्तूचा हिशेब मांडावा. समजा, तांदळासाठी ३० पोत्यांची जागा आहे, रोज ५ पोती खपतात आणि मागणी दिल्यावर माल येण्यास २ दिवस लागतात. गाडी लांबली तर आणखी २ दिवस निभावावे म्हणून १० पोती राखीव ठेवायची असतील, तर साठा २० पोत्यांवर येताच मागणी द्यावी. माल पोहोचेपर्यंत १० पोती खपतील, १० उरतील आणि २० पोत्यांची जागा मोकळी होईल. म्हणून एका खेपेस २० पोती, दर ४ दिवसांनी. घाऊक व्यापारी मोठ्या मागणीवर सवलत देत असेल, तर भाव एकदम ठरवून माल दोन खेपांत उचलण्याची मुभा मागावी.

खरी कसोटी जून ते सप्टेंबरमध्ये लागते. बेळगावचा माल चोर्ला किंवा अनमोड घाटातून येतो, तर कोल्हापूरकडच्या गाड्या आंबोली घाट उतरून बांदा-पत्रादेवीमार्गेही येतात. दरड कोसळली की वाट बदलते आणि दिवस वाढतात. यासाठी राखीव साठा ३ दिवसांचा, म्हणजे १५ पोत्यांचा केला, तर त्याच ३० पोत्यांच्या जागेत एका खेपेस केवळ १५ पोती मावतात आणि गाडी दर ३ दिवसांनी बोलवावी लागते. रस्ता बेभरवशाचा असतानाच खेपा वाढाव्यात, हे परवडणारे नाही. म्हणून पर्यटकांची वर्दळ ओसरू लागताच, मे महिन्यातच, शीतपेये आणि बाटलीबंद पाणी यांची मागणी कमी करून त्यांची ५ पोत्यांइतकी जागा तांदळाला द्यावी. मग २० पोत्यांची खेप पूर्ववत दर ४ दिवसांनी घेता येते. मात्र चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी गूळ, नारळ आणि पूजेचे साहित्य यांना जागा लागणार, हे गृहीत धरून तोवर मंद खपाचा माल संपवत आणावा.

खेपांचे वार ठरवताना दोन दिशांच्या गाड्या एकाच दिवशी बोलावू नयेत. म्हापशात शुक्रवारच्या बाजारामुळे गाडी लावण्यास जागा मिळणे कठीण असते, म्हणून तो वार शक्यतो टाळावा. शेजारच्या दुकानदारांबरोबर एकच टेंपो ठरवल्यास लहान खेपांचे भाडे विभागले जाते. त्यात शेवटी उतरवायचा माल आधी भरावा, म्हणजे वाटेत उलथापालथ होत नाही.

परराज्यातून येणाऱ्या करपात्र मालाची किंमत ५०,००० रुपयांहून अधिक असल्यास सामान्यतः ई-वे बिल, म्हणजे माल वाहून नेण्यासाठी ऑनलाइन काढायचा जीएसटीचा दाखला, लागते. साधारण मालासाठी २०० किलोमीटरपर्यंत त्याची मुदत १ दिवसाची असते. गाडी घाटात अडकली, तर ही मुदत संपण्याच्या ८ तास आधीपासून संपल्यानंतर ८ तासांपर्यंत वाढवता येते, याची आठवण वाहतूकदाराला मागणी देतानाच करून द्यावी.

माल उतरवताना जुनी पोती पुढे ओढून नवी मागे रचावीत आणि उरलेला साठा त्याच वेळी वहीत लिहावा, कारण पुढच्या खेपेचा आकडा त्यावरूनच काढायचा असतो.