उघडी डक्टस आणि कोवळी फुप्फुसे : उपचार कसे ठरवावेत

गर्भाचे २८ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला प्रथम नाकावाटे सीपॅप (फुप्फुसे उघडी ठेवणारा हवेचा सततचा दाब) द्यावा आणि ऑक्सिजनची गरज वाढत गेल्यास सरफॅक्टंट (फुप्फुसांतील हवेच्या पिशव्या मिटू न देणारा द्रव) बारीक नळीने श्वासनलिकेत सोडावे. उजव्या मनगटावरील प्रोब (सेन्सर) रक्तातील ऑक्सिजन ९० ते ९५ टक्के दाखवेल इतकाच ऑक्सिजन ठेवावा. १०० चा आकडा पाहून नातेवाइकांना हायसे वाटते, पण जादा ऑक्सिजन डोळ्यांच्या पडद्याला घातक ठरतो.

डक्टस ही हृदयाजवळची रक्तवाहिनी जन्मानंतर मिटायला हवी. ती उघडी राहिली, की महाधमनीतले रक्त फुप्फुसांकडे वळते, फुप्फुसे जड होतात आणि आतडी व मूत्रपिंडांना रक्त कमी पडते. तरीही नुसता मर्मर (हृदयातला जादा आवाज) ऐकून औषध सुरू करू नये. अनेक डक्टस आपोआप मिटतात, त्यामुळे व्हेंटिलेटर सुटत नसेल आणि इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) डक्टस मोठी दिसत असेल तरच औषध द्यावे, हे मला अधिक योग्य वाटते.

डक्टस मिटवणारे आयबुप्रोफेन २४ तासांच्या अंतराने किलोमागे १०, ५ आणि ५ मिलिग्रॅम दिले जाते. प्रत्येक डोसाआधी ओला डायपर वजनकाट्यावर ठेवून लघवी मोजावी आणि प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) व क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी रक्ततपासणी) पाहावे. आयबुप्रोफेन चालत नसल्यास पॅरासिटामॉल वापरता येते. औषधे निष्फळ ठरल्यास, अनुभवी केंद्रात ७०० ग्रॅमच्या बाळाचीही डक्टस मांडीच्या शिरेतून नेलेल्या छोट्या उपकरणाने बंद करता येते.

फुप्फुसांची सूज कमी करणारे डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड मात्र पहिल्या आठवड्यात टाळावे. पुढे व्हेंटिलेटरवर अडकलेल्या बाळालाच ते कमी मात्रेत द्यावे.